कुलपाचा गुडघा

४ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

फोनवर मी ओरडतो आणि तू फोन आपटतेस, म्हणून लिहितोय. कागदाला मध्येच तोडता येत नाही. पूर्ण वाच, मग हवं तर फाड.

काल चार गोल खाल्ले. तुझ्या जागी दाताच्या दवाखान्यातली उभी होती. बिचारी दिवसभर लोकांच्या तोंडात नळ्या धरते आणि संध्याकाळी सरावाला येते, तिला मी बोल लावत नाही. तिसऱ्या गोलला ती बरोबर बाजूला झेपावली होती. पण समोरून दोघी मोकळ्या आल्या आणि त्यांना अडवायला आपलं कुलूप नव्हतं. असणार कुठून? गोलकीपर देशाच्या कॅम्पात, बचावफळीचा कणा देशाच्या कॅम्पात. घराचं दारही नेलं, कुलूपही नेलं, आणि वर आम्हाला सांगतात, चोर आले तर बघून घ्या.

फुटबॉल महासंघाला फोन लावला. म्हटलं, स्पर्धा संपेपर्यंत लीग थांबवा. तिथला साहेब म्हणाला, "पुरुषांची थांबते. बायकांची थांबवायची तरतूद नाही."

"मग निदान आमचे सामने पुढे ढकला."

"एका क्लबच्या तिघी निवडल्या असतील तरच. तुमच्या दोघीच आहेत."

म्हणजे आमची आणखी एक पोरगी बरी खेळली असती तर आम्ही वाचलो असतो! हा नियम कोणत्या शहाण्याने केला म्हणून विचारलं, तर म्हणे नियम तो नियम.

आपण गुणतक्त्यात खालून तिसरे आहोत. खालचे दोन संघ दुसऱ्या गटात जातात. आणि रंगाच्या कारखान्याच्या मॅनेजरने मला केबिनमध्ये बसवून, चहा न विचारता सांगितलंय की दुसऱ्या गटातल्या संघाच्या छातीवर कारखान्याचं नाव दिसणार नाही. मैदानही त्यांचंच, नाव गेलं की मैदान गेलं.

आणि हे सगळं कशासाठी? तू तिथे तिसरी गोलकीपर. मी गाडी शिकवणारा माणूस, माझ्या भाषेत सांगतो: तू स्टेपनीची स्टेपनी.

तुझा चिडलेला
मामा

*

९ फेब्रुवारी

मामा,

पूर्ण वाचलं. फाडलं नाही, कारण कुलपाला दाखवायचं होतं. ती हसेल असं वाटलं होतं. नाही हसली. म्हणाली, "सरांना सांग, माझं मन तिकडेच आहे." तेवढ्याने तुझं समाधान होणार नाही, हे मला माहीत आहे.

मैदानावर मी तुला सर म्हणते आणि सांगशील ते निमूट करते. हे मैदान नाही, म्हणून बोलते. तुला लाज वाटायला हवी. माझी निवड झाली तेव्हा आईने जिन्यातल्या प्रत्येक दारावर थाप मारून सांगितलं. इस्त्रीवाल्याने येऊन हात मिळवला. आणि तू? माझा सख्खा मामा? तुझं पहिलं वाक्य काय होतं, आठवतं? "कोणत्या तारखेपासून?"

हो, मी तिसरी. सकाळी सगळ्या फॉरवर्ड रांगेने माझ्यावर मारा करतात, कारण पहिल्या दोघींचे हात जपायचे असतात. माझ्या आठ बोटांना पट्ट्या आहेत. खोलीत तीन पलंग, खिडकी अर्धीच लागते. रात्रीच्या जेवणाआधी फोन टोपलीत टाकायचे. ही काही सहल नाही.

मी एकोणतीस वर्षांची आहे. लहानपणी मी घर डोक्यावर घ्यायची म्हणून तू मला गोलमध्ये उभं केलंस. म्हणालास, "ओरडायचंच आहे ना, मग इथून ओरड, कामाला येईल." टिटवी हे नावही तुझंच. आता त्याच ओरडण्याने मी इथवर आले, तर तुला फक्त तुझी रिकामी जागा दिसते.

लीग थांबत नाही ही महासंघाची हरामखोरी आहे. वड्याचं तेल माझ्यावर काढू नकोस.

टिटवी

*

२० फेब्रुवारी

चि. टिटवीस,

तारीख विचारली, कारण मला संघ लावायचा होता. आनंद नंतर होतोच, संघ नंतर लागत नाही. पुढे.

एक सामना हरलो, एक बरोबरीत सुटला. फॉरवर्डला मागे बचावाला लावलंय. ती दर पाच मिनिटांनी विसरते आणि पुढे पळत सुटते. शनिवारी कपडे बदलायच्या खोलीत दोघी एकमेकींच्या अंगावर गेल्या. मी मध्ये पडलो तर बुटाचा फटका मलाच बसला. आता आम्ही खालून दुसरे आहोत.

एकाच सामन्यासाठी, फक्त एका रविवारसाठी, कुलूप परत द्या म्हणून महासंघाला अर्ज केला. उत्तर आलं: देशाचं हित आधी. मी विचारतो, देशाला ही पोरगी कोणी दिली? ती काय कॅम्पातल्या गवतात उगवली?

पण आजचं पत्र त्यासाठी नाही. तुमच्या सराव सामन्याचं वर्णन रेडिओवर ऐकलं. उत्तरार्धात कुलूप लंगडत बाहेर गेली म्हणे. मी फोन केला, उचलत नाही. तिच्या वडिलांचाही मला फोन आला, त्यांनाही ती काही बोलत नाही. तुला माहीत आहे, त्या घरात कमावती ती एकटी. गोदामात दिवसभर उभं राहून खोकी उचलते. पाय हेच तिचं भांडवल.

तू तिच्या खोलीत आहेस. सरळ विचारतो, सरळ सांग. काय झालंय?

मामा

*

२४ फेब्रुवारी

ती. मामास साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. काळजी करण्यासारखं काही नाही. गुडघा थोडा मुरगळला आहे. इथल्या डॉक्टरांनी बघितलं, चार दिवसांत बरी होईल म्हणाले. ती जेवते, झोपते, हसते.

दुसऱ्या गोलकीपरच्या बोटाला लागलं, त्यामुळे आता मी दुसरी झाले आहे. तुझी तब्येत सांभाळ. संघातल्या सगळ्यांना आठवण सांग.

तुझी
टिटवी

*

१ मार्च

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र इतकं आदबशीर होतं की आधी वाटलं, पोस्टमनने दुसऱ्याच कोणाच्या भाचीचं पत्र टाकलं. पण वाचून जीव भांड्यात पडला. कुलपाच्या वडिलांना लगेच घरी जाऊन सांगितलं, "आमची पोरगी तिच्याच खोलीत आहे, ती म्हणते म्हणजे ठीक आहे." म्हातारा रडला. मला म्हणाला, "तुमच्या भाचीच्या भरवशावर पाठवली आहे."

आम्ही रविवारी जिंकलो. एकच गोल, तोही नशिबाचा, पण जिंकलो. दाताच्या दवाखान्यातलीने शेवटी एक चेंडू असा काढला की मी टोपी फेकली, ती अजून सापडली नाही.

तुमची स्पर्धा संपली की आपले शेवटचे तीन सामने उरतात. मी सगळं आखून ठेवलंय. कुलूप मधोमध, तू मागे, फॉरवर्ड परत पुढे. तिन्हीतले दोन काढले तरी वाचतो.

आणि दुसरी झालीस ते वाचून बरं वाटलं. मोठी झालीस ग.

मामा

*

११ मार्च

टिटवी,

चिरंजीव वगैरे लिहायला हात वळत नाही. मागच्या पत्राला उत्तर का आलं नाही, ते आता समजलं.

शेवटचे तीन सामने आता मी कोणाला घेऊन खेळू? सांग ना. सगळा डाव तिच्याभोवती रचला होता. काल दुपारी महासंघाची गाडी आली, कुलपाला क्लबच्या फाटकात उतरवलं आणि गेली. कुबड्या, मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा, बॅग फुटपाथवर. ड्रायव्हरने इंजिनही बंद केलं नव्हतं.

तिने सगळं सांगितलं. गुडघा सराव सामन्यातच गेला होता. आतून आवाज आला होता, तिने ऐकला होता. डॉक्टरने सुई टोचली, पट्टा बांधला आणि पहिल्या सामन्याला उतरवलं. अर्ध्या तासात ती उभ्या उभ्या कोसळली. रेडिओवाला नुसतं 'खेळाडू बदलली' एवढंच म्हणाला होता. आणि सुई टोचताना तिचा हात कोणी धरला होता? तू. त्याच हाताने मला लिहिलंस, थोडा मुरगळला आहे.

मी तिच्या बापाच्या दारात जाऊन तुझा शब्द दिला होता. आज त्याच दारात परत गेलो. त्याने मला खुर्ची दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसरी गोलकीपर होणं इतकं महाग होतं का ग?

मामा

*

१४ मार्च

मामा,

मार, अजून मार. पण माझंही ऐक.

कुलपाने मला शपथ घातली. सुई टोचायच्या आदल्या दिवशी ती पलंगावर बसून रडत होती, दुखतंय म्हणून नाही, घरी पाठवतील म्हणून. म्हणाली, "सरांना कळलं तर ते इथे येऊन तमाशा करतील आणि मला घेऊन जातील. आयुष्यात एकदा मला हे खेळू दे." मी काय करायला हवं होतं? तुला सांगून तिचं स्वप्न मोडायचं की न सांगून तिचा पाय? मी चुकीचं निवडलं. आणि हो, माझी जागा जाईल याची भीतीही होती. ती नव्हती असं म्हणणार नाही.

पण तू तुझं पत्र परत वाच. तुझ्याकडे नसेल म्हणून सांगते. सगळ्यात वर काय आहे? "शेवटचे तीन सामने मी कोणाला घेऊन खेळू?" तिचा गुडघा त्यानंतर येतो. इथे तिला देशासाठी उतरवलं, तिथे तू क्लबसाठी उतरवली असतीस. तुम्हा सगळ्यांना ती पायापासूनच दिसते, मामा. वरची बाई कोणालाच दिसत नाही.

तू तुझ्या आयुष्यात कोणाला दुखऱ्या पायाने खेळवलं नाहीस, असं मला छातीवर हात ठेवून सांग.

टिटवी

*

१९ मार्च

टिटवी,

बरोबर लागलं. दोन दिवस भरल्या ताटावरून तसाच उठलो. तुझ्या आईने विचारलं, दात दुखतोय का. हो म्हटलं.

आता नीट ऐक, गोष्ट वाढली आहे. कुलपाचं ऑपरेशन करावं लागणार. दोन शिरा तुटल्या आहेत. आम्ही महासंघाकडे गेलो, तर त्यांनी तुमच्या डॉक्टरचा दाखला पुढे केला: दुखापत जुनी आहे, खेळाडू क्लबमधूनच ती घेऊन आली. कारखान्याकडे गेलो, तर मॅनेजर म्हणतो, लागलं देशाच्या कॅम्पात, आमचा काय संबंध? आणि गोदामवाल्याने तिच्या जागी माणूस ठेवलासुद्धा. ना घरची ना दारची अशी पोरगी मधल्या मध्ये लटकली आहे.

त्या खोलीत डॉक्टर, मालिश करणारी बाई, तू आणि ती, एवढीच माणसं होती. मालिशवाली म्हणते, मी पाठमोरी होते. उरलीस तू.

आणि काल रेडिओवर ऐकलं की तुमच्या पहिल्या गोलकीपरला लाल कार्ड मिळालं. म्हणजे उपांत्यपूर्व सामन्यात तू उभी राहणार. अख्ख्या देशासमोर.

म्हणून मामा म्हणून सांगतो, सर म्हणूनही सांगतो. गप्प राहा. खेळ. नंतर काय ते बघू. कुलूपही हेच म्हणते. मी आणि ती इथे बसून ठरवलंय. एकीचं गेलंच आहे, दुसरीचं जाऊ द्यायचं नाही.

मामा

*

२४ मार्च

मामा,

तू आणि ती बसून ठरवणारे कोण? तिने शपथ घातली तेव्हाही मला विचारलं नव्हतं, आणि आता तुम्ही दोघं मिळून मला माफही करून टाकलंत. "गप्प राहा." हे तू म्हणतोस! सगळं आयुष्य मला ओरडायला शिकवलंस, बचाव कुठे फाटलाय ते मागून सांग, आणि समोर धडधडीत फाटलंय तेव्हा गप्प राहू?

नाही राहिले. जे पाहिलं ते सगळं लिहून काढलं: कोणता दिवस, कोणती खोली, सुई, डॉक्टर काय म्हणाले. सामन्याच्या सकाळी त्याची एक प्रत व्यवस्थापकांच्या हातात दिली. त्यांनी वाचलं आणि दार लावून घेतलं.

"आजच? सामना संपू दे. नंतर मी स्वतः लक्ष घालतो."

"नंतर कोणी लक्ष घालत नाही साहेब. जिंकलो तर सगळे हार घालण्यात गुंतलेले असतील. हरलो तर म्हणाल, गोल खाल्लेल्या गोलकीपरची रड आहे."

"तुझा पहिला सामना आहे आज. कळतंय का तुला?"

"तुमच्यापेक्षा जास्त."

मग मी नाश्त्याच्या हॉलमध्ये गेले, खुर्चीवर चढले आणि तोच कागद सगळ्या संघाला वाचून दाखवला, म्हणजे कोणाला पाठमोरं राहायला जागाच नको. आवाज तुला माहीत आहे माझा. स्वयंपाकघरातली माणसं बाहेर आली. कॅप्टन म्हणाली, "खाली उतर, आज नको." बाकीच्या ताटाकडे बघत होत्या. कोपऱ्यातल्या एकीने तेवढ्या टाळ्या वाजवल्या आणि मग एकटीच पडली म्हणून थांबली. फाटकापाशी रेडिओवाला उभा होता, त्यालाही एक प्रत दिली. एक या पाकिटात आहे.

बस सुटायच्या आत मला संघातून काढलं. कारण दिलं, खेळाडूची मानसिक तयारी नाही. माझा सामना मी हॉलमधल्या टीव्हीवर भांडी घासणाऱ्या बाईच्या शेजारी बसून पाहिला. माझ्या जागी बोटाला पट्टी बांधलेली उभी होती. दोन-एकने हरलो. दुसरा गोल मी काढला असता. शंभर टक्के काढला असता. हे मी तुलाच लिहू शकते, दुसऱ्या कोणाला सांगितलं तर शोभणार नाही. त्या बाईने माझ्याकडे टॉवेल सरकवला आणि आवाज बंद केला.

चौकशी होईपर्यंत मला कुठेच खेळता येणार नाही, क्लबसाठीसुद्धा नाही. आणि बोलावतील तेव्हा हजर व्हायचं म्हणून कॅम्पाचं हे गाव सोडायचं नाही. तेव्हा तुझे शेवटचे तीन सामने माझ्याशिवायच. रागवायचं तर रागव. पण मला गप्प राहा म्हणालास, तो काटा अजून घशात आहे, तो निघेपर्यंत मी नमस्कार लिहिणार नाही.

टिटवी

*

१३ एप्रिल

चि. टिटवीस,

नमस्कार नको. काटा मीच घातला, निघेल तेव्हा निघेल.

आधी वाईट सांगतो. आपण खालच्या गटात गेलो. पहिला सामना हरलो, दुसरा जिंकलो. शेवटचा जिंकायलाच हवा होता आणि बरोबरीत सुटला. कुलूप कडेला खुर्चीवर, पाय दुसऱ्या खुर्चीवर, आणि तिथून सगळ्यांना शिव्या घालत होती. पंच म्हणाला, "त्या बाईंना आवरा." म्हटलं, तुम्हीच आवरून दाखवा. शिट्टी वाजल्यावर दाताच्या दवाखान्यातली गोलमध्येच बसून राहिली. पाच जणींनी मिळून तिला उठवलं. कारखान्याच्या मॅनेजरने दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवून फाटकावरची पाटी उतरवली. एक दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं त्याचं! जुलैपासून मैदान नाही. शाळेचं मैदान संध्याकाळी मिळेल का, ते विचारून ठेवलंय. मुख्याध्यापिकेला मी गाडी शिकवली होती. तिने दोनदा भिंत धडकवली होती, पण ते मी बोललो नाही.

आता दुसरं. तुझा कागद रेडिओवर वाचला गेला. तीन दिवसांत आणखी दोन क्लबच्या मुली पुढे आल्या, त्यांनाही तसल्याच सुया आणि तसलेच दाखले. मग महासंघाच्या साहेबाचा आवाज मऊ झाला. टिटवी समुद्र आटवते म्हणतात. आटला नाही ग, पण पाणी चार बोटं खाली गेलं. कुलपाचा गुडघा कॅम्पातच गेला, हे लेखी मान्य केलंय. ऑपरेशन त्यांच्या माथी. डॉक्टरला काढलं नाही, दुसऱ्या संघाकडे पाठवलं. हे वाचून तू भिंतीवर मूठ मारशील. मी मारली, हात सुजलाय.

तुझी बंदी उठल्याचं पत्र तुला मिळालं असेल. देशाच्या संघात तुला परत कोणी बोलावणार नाही. तुलाही माहीत आहे, मलाही. यावर काही गोड बोलायला मला येत नाही. तो दुसरा गोल तू काढला असतास. मी दहा वेळा पाहिला. चेंडू डावीकडे, खाली, तुझ्या आवडत्या उंचीवर होता.

काल आपल्या फॉरवर्डचं बोलावणं आलं, देशाच्या पुढच्या कॅम्पासाठी. पत्र माझ्या टेबलावर आणि ती दारात. मी फाडायलाच उचललं होतं. तिने विचारलं, "सर, जाऊ ना?" मी तिच्याकडे बघितलं. मग पायापासून न बघता नीट बघितलं. पोरीचा चेहरा असा होता की माझ्या तोंडून तारीख निघेना.

सही केली. पण खाली माझ्या गिचमिड अक्षरात लिहिलं: हिला काहीही लागलं तर त्याच दिवशी हिच्या घरी आणि मला कळवायचं, आणि आमच्या डॉक्टरने बघितल्याशिवाय सुई टोचायची नाही. साहेबाचा लगेच फोन आला, "अशी अट घालायची तरतूद नाही."

म्हटलं, "मग पोरगी पाठवायचीही तरतूद नाही. आमच्या भाचीने खुर्चीवर चढून वाचलेला कागद अजून आहे माझ्याकडे, आणि रेडिओवाल्याचा नंबरही."

अट मान्य झाली.

गुरुवारी सकाळी कुलपाला दवाखान्यात न्यायचंय. बुधवारपर्यंत ये. गाडी मी चालवतो, तू मागे तिचा पाय मांडीवर घेऊन बस. मी वेग वाढवला की ती ओरडेल, कमी केला की तू ओरडशील. तुम्हाला दोघींना काय बोलायचं ते बोला. मला आरशात बघून गाडी चालवता येते, आणि मागून शिव्या ऐकतही.

मामा